हॅकेन्सॅकचा दिवाणखाना आणि आपलं बेसमेंट



गणपतीच्या कार्यक्रमाच्या तालमी सुरू झाल्या की मला दर वर्षी तेच प्रश्न येतात. "तू घरी रेकॉर्डिंग करतोस म्हणे, माइक कुठला घेऊ?" "हेडफोनमध्ये माझाच आवाज मला उशिरा का ऐकू येतो?" "बेसमेंटमध्ये गायलं की बादलीत तोंड घालून गायल्यासारखं का वाटतं?" "घरी झकास वाटलेलं गाणं गाडीत लावलं की डग्गा कुठे गायब होतो?" आणि एक प्रश्न कुणी मोठ्याने विचारत नाही, पण चहा पिताना हळूच निघतो : "तीन वर्षं झाली रे, एक गाणं पुरं होत नाही."

मी पेशाने सॉफ्टवेअरवाला. साउंड इंजिनियर नाही. त्यामुळे उत्तरं शोधायला वाचायला लागलो, आणि वाचता वाचता एक गंमत लक्षात आली. घरच्या घरी ध्वनिमुद्रण करणाऱ्यांचा जो काही इतिहास आहे, त्यातला मोठा हिस्सा आमच्या न्यू जर्सीतच घडलाय. म्हणजे माझ्या घरापासून तासा-सव्वा तासाच्या ड्राइव्हमध्ये. टर्नपाइकवरून आपण रोज ज्या एक्झिटना पाठ दाखवतो, त्याच एक्झिट.

सुरुवात तर अगदी दारातच. ओक ट्री रोडवर आपण भाजी आणि मिठाई घ्यायला जातो ते एडिसन गाव १९५४ पर्यंत रॅरिटन टाउनशिप होतं. मेन्लो पार्क हा त्याचाच एक भाग. तिथल्या प्रयोगशाळेत १८७७ सालच्या अखेरीस थॉमस एडिसनने कथलाच्या वर्खावर स्वतःचा आवाज उमटवला आणि परत ऐकला. म्हटलं काय, तर पोरांचं एक बडबडगीत. आणि या माणसाला ऐकायला कमी येत होतं! यंत्राच्या लाकडात दात रोवून, हाडांतून तो आवाज 'ऐकायचा'. आपल्या कानांबद्दल शंका असणाऱ्यांनी हे लक्षात ठेवायला हरकत नाही.

पण मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो त्याचा १८७८ सालचा एक लेख. या यंत्राचा उपयोग काय काय होईल याची त्यात यादी आहे. पहिला क्रमांक पत्रं सांगून लिहवून घेण्याचा, मग अंधांसाठी बोलती पुस्तकं, मग वक्तृत्वाचं शिक्षण. संगीत चौथं! आणि त्याच्या लगोलग पाचवं : घरातल्या माणसांच्या आठवणी आणि बोलणं त्यांच्याच आवाजात जपून ठेवणं. म्हणजे संगीताचा धंदा आणि घरचा आवाज ही दोन्ही कामं एडिसनच्या डोक्यात शेजारी शेजारी होती. त्याच्या मेणाच्या नळकांड्यांवर ग्राहकाला घरी स्वतःचा आवाज भरताही यायचा. पुढे बाजारात जिंकली ती एमिल बर्लिनरची सपाट तबकडी. ती छापायला सोपी, पण घरी तिच्यावर काही भरता येत नव्हतं. गाणारा माणूस ऐकणारा झाला तो तिथे, आणि चांगली चार दशकं तसाच राहिला.

ती पाचवी ओळ वाचल्यावर मला आमच्या घरातली एक कॅसेट आठवली. काकाने सांगलीच्या घरी, स्वयंपाकघरातच टू-इन-वन ठेवून आजीच्या ओव्या भरल्यात. मागे कुकर आहे, कावळे आहेत, कुणीतरी "अगं दूध बघ" म्हणतंय. मी ती कॉम्प्युटरवर घेतली आणि सिसकारा काढायचं सॉफ्टवेअर चालवून बघितलं. सिसकारा गेला, पण त्याबरोबर आजीचे 'स' आणि 'श'ही पातळ व्हायला लागले, कारण दोन्ही एकाच पट्टीत राहतात. ठेवली तशीच. पुण्यातल्या हेमा राईरकर आणि गी पॉइट्वां यांनी महाराष्ट्रभरातल्या बायकांच्या जात्यावरच्या लाखाहून जास्त ओव्या जमवल्या आणि बर्नार्ड बेल या आपल्यासारख्याच कॉम्प्युटरच्या माणसाने नव्वदच्या दशकात त्यांचं मोठं ध्वनिमुद्रण केलं, तेही त्या त्या गावात जाऊन. तिथे कुणी काचेच्या खोलीची वाट बघत बसलं नाही.

बरं, आता हॅकेन्सॅकला चला. माझ्या मते आपल्यासारख्यांचं खरं दैवत तिथलं.

रूडी व्हॅन गेल्डर, जन्म १९२४. पेशाने डोळे तपासून चष्म्याचा नंबर काढणारा डॉक्टर. दिवसा दवाखाना, संध्याकाळी आणि सुटीच्या दिवशी रेकॉर्डिंग. १९४६ मध्ये त्याच्या आईवडिलांनी हॅकेन्सॅकला घर बांधलं, तेव्हा त्याने त्यांना गळ घालून दिवाणखान्याच्या भिंतीत एक मोठी काच बसवून घेतली आणि काचेपलीकडच्या छोट्या खोलीत आपली यंत्रं मांडली. झाला स्टुडिओ. पुढची तेरा वर्षं त्या दिवाणखान्यात माइल्स डेव्हिस येऊन वाजवून गेला, थेलोनियस मंक येऊन गेला (त्याने एका रचनेचं नावच 'हॅकेन्सॅक' ठेवलं), सोनी रॉलिन्सची 'सॅक्सोफोन कलोसस' १९५६ मध्ये आणि जॉन कोल्ट्रेनची 'ब्लू ट्रेन' १९५७ मध्ये तिथे मुद्रित झाली. जॅझचं ज्याला काडीचंही आकर्षण नाही त्यानेही क्षणभर डोळ्यांसमोर आणावं : आईचा सोफा सरकवलाय, गालिच्यावर ड्रम मांडलेत आणि जगातले सर्वोत्तम वादक तिथे उभे आहेत. १९५९ साली त्याने एंगलवुड क्लिफ्सला खास स्टुडिओ बांधला, तेव्हा कुठे चष्म्याचं काम सोडलं. तोवर डे जॉब चालूच होता.

या माणसाकडे माइक कुठला होता? जर्मनीचा नॉयमन यू-४७, अमेरिकेत आलेल्या अगदी सुरुवातीच्या नगांपैकी एक. झालं, एवढं वाचून आपल्यातले अर्धे लोक क्रेडिट कार्ड काढतील. पण थांबा. खोली बघा. त्या दिवाणखान्याचं छत नेहमीच्या घरापेक्षा उंच होतं आणि बाजूच्या बोळांत, खोल्यांत आवाजाला पसरायला वाट होती. शिवाय त्याने तीच खोली वर्षानुवर्षं वापरली. पियानो कुठे, ड्रम कुठे, माइक किती हातांवर, हे त्याने एकाच जागेत शेकडो वेळा करून ठरवलं होतं. सगळ्यांना ते आवडायचं असंही नाही. चार्ल्स मिंगससारख्या बड्या माणसाने, हा वादकाचा मूळ आवाज बदलतो अशी जाहीर तक्रार केली. मला ती तक्रारसुद्धा कौतुकासारखीच वाटते. एका घराचा स्वतःचा 'आवाज' आहे हे दुसऱ्याला ओळखू आलं ना!

आता आपलं बेसमेंट. इथल्या बहुतेक घरांत छत आठ फुटांवर, म्हणजे साधारण २.४४ मीटर. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. जमीन आणि छत यांच्यामध्ये ज्या लांबीची अर्धी लाट नेमकी बसते तिची कंप्रता काढा : ३४३ भागिले दोन वेळा २.४४, म्हणजे सुमारे ७० हर्ट्झ. बरोबर डग्ग्याच्या घुमाऱ्याच्या भागात. म्हणून कान एका उंचीवर असला की डग्गा ढगासारखा गडगडतो आणि दुसऱ्या उंचीवर नेला की नाहीसा होतो. अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवून यातलं काहीही सुटत नाही. भिंतीवर गोधडी किंवा सोलापुरी चादर टांगली तर वरचे, टाळीसारखे प्रतिध्वनी नक्की मरतात, पण ७० हर्ट्झच्या लाटेला ती चादर दिसतसुद्धा नाही. तिथे जाड भरीव काहीतरी लागतं : कोपऱ्यांत भरलेली पुस्तकांची कपाटं, जुना सोफा, रॉकवूलचे जाड पॅनेल. आणि गाण्यासाठी सर्वात स्वस्त जागा म्हणजे कपड्यांनी भरलेलं वॉक-इन क्लॉझेट. पैठण्यांचा इतका सांगीतिक उपयोग दुसरा नाही. (फर्नेस आणि फ्रिज तेवढ्यापुरते बंद करा. आणि नंतर फ्रिज चालू करायला विसरू नका. कार किल्ली फ्रिजमध्ये ठेवली की विसरणं होत नाही, हा एका अनुभवी मित्राचा सल्ला.)

हॅकेन्सॅकहून उत्तरेला महवा. पण त्याआधी हडसन ओलांडून क्वीन्समध्ये, जॅक्सन हाइट्सला थोडं थांबू. हो, तेच जॅक्सन हाइट्स, जिथे आपल्यातल्या जुन्या मंडळींनी पहिला प्रेशर कुकर घेतला. तिथल्या एका घरात १९५१ मध्ये लेस पॉल आणि मेरी फोर्ड या नवराबायकोने 'हाउ हाय द मून' मुद्रित केलं. गिटारी अनेक, गाणाऱ्या अनेक, पण माणसं दोनच. बिलबोर्डच्या यादीत ते नऊ आठवडे पहिलं होतं.

लेस पॉल हे काम आधी तबकड्यांवर करायचा : एक तबकडी वाजवायची, तिच्याबरोबर स्वतः वाजवायचं, दोन्ही मिळून दुसऱ्या तबकडीवर. मग बिंग क्रॉसबीने त्याला अँपेक्सचं टेप यंत्र दिलं. त्याला लेस पॉलने एक जादा हेड बसवून घेतलं : जुना आवाज वाचायचा, त्यात नवा मिसळायचा आणि त्याच टेपवर परत लिहायचा. आपल्या भाषेत सांगायचं तर बॅकअप नाही, अंडू नाही, थेट प्रॉडक्शनवर ओव्हरराइट. सातव्या फेरीला मेरीचा सूर चुकला किंवा बाहेर ट्रकने हॉर्न मारला तर आधीच्या सहा फेऱ्या मातीत. शिवाय प्रत्येक फेरीत जुना आवाज थोडा मळायचा आणि सिसकारा वाढायचा. म्हणून कमी महत्त्वाचं आधी आणि मुख्य गाणं सर्वात शेवटी, असा क्रम ठेवावा लागायचा. म्हणजे गाणं सुरू करण्याआधीच ते शेवटी कसं ऐकू येणार हे डोक्यात पक्कं हवं.

नंतर ही दोघं महवाला राहायला आली आणि १९५७ मध्ये अँपेक्सने त्याला आठ ट्रॅकचं यंत्र करून दिलं. आठ वाटा वेगवेगळ्या, एक चुकली तर तेवढीच पुसा. त्याचं लाडाचं नाव 'ऑक्टोपस'. आज आपल्या लॅपटॉपवर त्याच्या शंभरपट वाटा आहेत, आणि इथेच त्या हळू आवाजातल्या प्रश्नाची मेख आहे. माझ्या ओळखीत एक जोडपं आहे. वहिनींचा गळा अतिशय सुरेल. त्यांच्या एका भावगीताच्या प्रोजेक्टमध्ये मुखड्याचेच एकतीस टेक आहेत, तबल्याचे चार वेगवेगळे ठेके 'नंतर ठरवू' म्हणून ठेवलेत आणि बासरी खरी की सॉफ्टवेअरची यावर दोन हिवाळे गेले. दरम्यान वहिनींनी दोनदा विचारलं की नुसतं तानपुऱ्यावर गायलेलं तरी आईला पाठव ना. ते अजून गेलेलं नाही. त्यांच्या आई पुण्याला, वय वर्षं त्र्याऐंशी.

मला यात यंत्राचा दोष दिसत नाही, सगळंच उघडं ठेवायच्या सवयीचा दिसतो. लेस पॉलला ती चैन परवडत नव्हती. मी आता कुणाबरोबर काम करताना एकच अट घालतो : एका बैठकीत तीन टेक, उठण्याआधी एक निवडायचा, बाकीचे दोन पुसायचे. लोकांचा जीव जातो. पण गाणी पुरी होतात.

आता उशिरा ऐकू येणाऱ्या आवाजाचं. यासाठी मरे हिल. बेल लॅब्ज म्हटलं की आपल्याला सी आणि युनिक्स आठवतं, पण त्याच इमारतींत मॅक्स मॅथ्यूज नावाचा इंजिनियर होता. १९५७ मध्ये त्याने 'म्युझिक' नावाचा प्रोग्राम लिहिला आणि कॉम्प्युटरकडून सतरा सेकंदांची एक रचना वाजवून घेतली. आजचे सगळे सॉफ्टवेअर तबले आणि बासऱ्या याच वंशातले. पण ज्या आयबीएम ७०४ वर हे चाललं ते होतं मॅनहॅटनला, मॅडिसन अव्हेन्यूवर. आकड्यांपासून आवाज करणारं उपकरण मरे हिलला. म्हणजे मॅनहॅटनला प्रोग्राम चालवायचा, टेपचं रीळ घेऊन नदी ओलांडून न्यू जर्सीला यायचं आणि मग ऐकायचं. लेटन्सी किती, तर ट्रॅफिक असेल तितकी!

आपली लेटन्सी त्या मानाने किरकोळ. कॉम्प्युटर आवाज थोडा थोडा गोळा करून, एक बादली भरली की पुढे देतो. बादली २५६ सँपलची असेल आणि सेकंदाला ४४,१०० सँपल असतील तर एका बादलीला ५.८ मिलिसेकंद लागतात. एक बादली आत येताना, एक बाहेर जाताना, वर इतर किरकोळ, म्हणजे बारा-चौदा मिलिसेकंद धरा. तेवढ्या वेळात हवेतून ध्वनी चार-साडेचार मीटर जातो. म्हणजे तबलजी खोलीच्या पलीकडच्या टोकाला बसल्यासारखं. मैफलीत ते चालतं, पण स्वतःचाच आवाज चार मीटरवरून ऐकत गाणं कठीण. उपाय साधा आहे : गाताना बादली लहान करा (१२८ किंवा ६४), किंवा इंटरफेसवरचं डायरेक्ट मॉनिटरिंगचं बटण दाबा. त्यात गायकाचा आवाज कॉम्प्युटरला वळसा न घालता थेट कानात येतो. नवा लॅपटॉप घ्यायची गरज नाही. विंडोजवर असाल तर एएसआयओ ड्रायव्हर वापरा. स्टाइनबर्गने ते १९९७ मध्ये याच दुखण्यासाठी काढलं.

गाडीत गायब होणाऱ्या डग्ग्याचं उत्तर तर त्याहून जुनं. बेल लॅब्जच्याच फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखवून दिलं की आवाज लहान असताना माणसाच्या कानाला खालचे स्वर फारच कमी ऐकू येतात आणि आवाज वाढवला की ते भराभर वर येतात. आपण रात्री पोरं झोपल्यावर, हेडफोन कानाला चांगला मोठा लावून मिक्स करतो, तेव्हा डग्गा भरपूर वाटतो. सकाळी गाडीत रेडिओइतक्या आवाजात लावला की पातळ. त्यात रस्त्याची घरघर नेमकी खालच्या पट्टीतच बसलेली. मी मिक्स शेजारच्याशी गप्पा मारता येतील इतक्या बारीक आवाजात करतो आणि मोठ्याने फक्त शेवटी एकदा ऐकतो. आणि हो, तबला गायकाच्या षड्जाला लागलेला आहे का ते दर गाण्याआधी बघा. हिवाळ्यात फर्नेसच्या कोरड्या हवेत तासाभरात उतरतो किंवा चढतो, आणि ते कुठल्याही प्लगइनने नीट दुरुस्त होत नाही.

शेवटचा मुक्काम कोल्ट्स नेक. १९७९ मध्ये टिअॅकने साध्या कॅसेटवर चार ट्रॅक भरणारं पोर्टास्टुडिओ १४४ आणलं. जानेवारी १९८२ मध्ये ब्रूस स्प्रिंगस्टीनने भाड्याच्या घरातल्या बेडरूममध्ये ते मांडलं, सोबत शुअर एसएम-५७ चे दोन माइक. बघा, एकीकडे हॅकेन्सॅकचा नॉयमन, दुसरीकडे हा माइक, जो आजही शंभर डॉलरच्या आसपास मिळतो. बँडला ऐकवण्यापुरता कच्चा नमुना करायचा एवढाच बेत. चारच ट्रॅक, म्हणजे गाणं आणि गिटार एकदम, उरलेल्या दोनांवर काय ते. मिक्स केलं ते एका पॅनासॉनिक टेपरेकॉर्डरवर, जो आधी पाण्यात पडून कसाबसा वाचला होता. ती कॅसेट तो कित्येक दिवस डबीशिवाय खिशात घेऊन फिरला.

मग न्यूयॉर्कच्या मोठ्या स्टुडिओत पूर्ण बँडसह तीच गाणी परत केली. वाजवणारे अव्वल, यंत्रं अव्वल. पण बेडरूममधल्या त्या एकट्या आवाजात जे होतं ते येईना. अखेर कॅसेटच प्रसिद्ध करायचं ठरलं. त्यावरून तबकडी कापताना तंत्रज्ञांच्या नाकी नऊ आले, इतका तिचा आवाज क्षीण होता. सप्टेंबर १९८२ मध्ये 'नेब्रास्का' बाजारात आली, आणि २०२५ मध्ये तर त्या बेडरूमवर एक अख्खा सिनेमा आला. कोण्या कंपनीने ठरवून केलं असतं तर पहिल्याच बैठकीत कुणीतरी म्हणालं असतं, "क्वालिटी बरोबर नाही."

ज्यांना हे प्रत्यक्ष बघायचंय त्यांच्यासाठी : एडिसनला ख्रिस्टी स्ट्रीटवर, प्रयोगशाळेच्या जागी स्मारकाचा मनोरा आहे. महवाच्या म्युझियममध्ये लेस पॉलवर एक दालन आहे, जाण्याआधी वेळ बघून घ्या. हॅकेन्सॅकचं घर मात्र आता उरलेलं नाही. एडिसनहून महवा एका बाजूने तासाभराचा रस्ता. तुमचं अर्धवट मिक्स गाडीत लावून निघा, जाताना एकदा आणि येताना एकदा ऐकून होईल. मी पुढच्या शनिवारी त्या जोडप्याला घेऊन जातोय. वहिनींना सांगून ठेवलंय, तानपुरा आणि एकच माइक गाडीत टाका.